आधी सिरपूरची टिबुकली, मग अमेरिकेतला लून: फोटो काढायला नव्याने शिकणाऱ्यांसाठी

आमच्या इंदूरच्या सुदामा नगरात मराठी घरं बरीच, आणि त्यातल्या कितीतरी घरांतली मुलं अमेरिका-कॅनडात, त्यामुळे एप्रिल-मे आला की कोणी ना कोणी तिकडे निघालेलं असतंच. यंदा तिघीचौघींनी मला एकच विचारलं, की तू मुलाकडे मिनेसोटाला त्या लाल डोळ्याच्या काळ्या-पांढऱ्या पक्ष्याचे, लूनचे, फोटो काढलेस ते कसे काढलेस, आम्ही पण चाललोय, सांग ना. फोनवर प्रत्येकीला अर्धं अर्धं सांगून झालं, म्हणून आता सगळं एकदा सलग लिहून काढते.

मी दोन उन्हाळे तिकडे राहिले. पहिल्या उन्हाळ्यात शेकडो फोटो काढले आणि त्यातला एकही भिंतीवर लावावासा वाटला नाही, दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र मनासारखे मिळाले. कॅमेरा दोन्ही वेळा तोच होता. फरक पडला तो मधल्या हिवाळ्यात, इथे इंदूरला सिरपूर तलावावर बसून जे शिकले त्याने.

पायरी १: कोणाचा फोटो काढायचाय ते आधी ओळखा

लून म्हणजे बदक नाही, हे पहिलं. लूनच्या एकूण ५ जाती आहेत, ब्रिटनमध्ये त्यांना डायव्हर म्हणतात, आणि मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मेन, कॅनडा वगैरे ठिकाणच्या तलावांवर उन्हाळ्यात दिसतो तो कॉमन लून. मिनेसोटाचा तो १९६१ पासून राज्यपक्षी आहे आणि कॅनडाच्या एका डॉलरच्या नाण्यावर त्याचंच चित्र आहे, म्हणून त्या नाण्याला सगळे लूनीच म्हणतात. आपल्या इकडे भारतात तो जवळपास दिसतच नाही.

अंगाने चांगला मोठा, लांबी ७० ते ९० सेंमी, वजन ३ ते ६ किलो. डोकं काळंभोर आणि ऊन पडलं की त्यावर हिरवी झाक, गळ्यात पांढऱ्या उभ्या रेघांचा पट्टा जणू ठुशी घातलीय, आणि पाठीवर पांढऱ्या चौकोनांच्या ओळी, मला तर आपल्या महेश्वरी साडीची चटई किनारच आठवली. पण हा थाट फक्त उन्हाळ्यात असतो, हिवाळ्यात तो समुद्राकाठी जातो आणि राखाडी होतो. म्हणून नोव्हेंबरात कोणी त्याच तलावावर गेलं तर हा पक्षी मिळणार नाही आणि डिसेंबरात समुद्रावर मिळाला तर ओळखू येणार नाही.

फोटोच्या दृष्टीने लक्षात ठेवायची गोष्ट ही, की याचे पाय शरीराच्या अगदी मागच्या टोकाला असतात आणि हाडं बाकीच्या पक्ष्यांसारखी पोकळ नसून बरीचशी भरीव असतात. त्यामुळे पाण्यात तो खोल बसतो, जमिनीवर धड चालता येत नाही, उडायला पाण्यावरून लांबलचक धावावं लागतं, आणि डुबकी मारण्यात मात्र त्याचा हात कोणी धरत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात.

पायरी २: निघायच्या आधी दोन महिने सिरपूरला जा

ही पायरी लोक सोडतात आणि तिथेच चुकतं. मुलाकडे पोचल्यावर शिकू म्हणतात, पण तिकडे गेल्यावर नातवंडं, पाहुणे, पाऊस यात दिवस कसे जातात कळत नाही, आणि तलावावर जायला मिळतात मोजून पाच-सात सकाळी. त्या सकाळी बटणं शोधण्यात घालवू नका.

आपल्या धार रोडवरचा सिरपूर होळकरांच्या वेळचा तलाव, २०२२ साली तो रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला, इंदूरजवळचा यशवंत सागर तलावही त्याच वर्षी आला, आणि २०२५ मध्ये इंदूरला पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली, उदयपूर आणि आपण, भारतातली पहिली दोन. इतकं दाराशी असून आपण तिथे पक्षी बघायला जात नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. सिरपूरला बारा महिने टिबुकली असते. हिंदीत पनडुब्बी म्हणतात तीच, जेमतेम वीतभर, गोल गरगरीत, बघताबघता गडप होते आणि भलतीकडेच वर येते. बिलावली तलावावर पण दिसेल. ती आणि लून नात्याने एकमेकांचे कोणी नाहीत, शास्त्रज्ञांच्या मते टिबुकलीचं जवळचं नातं निघतं ते फ्लेमिंगोशी, म्हणजे रोहित पक्ष्याशी, पण पाण्यात डुबक्या मारून पोट भरायचं म्हटल्यावर दोघांची अंगं सारखी घडली, पाय तसेच मागे, पिल्लांना पाठीवर बसवून फिरवायची सवयही तीच. म्हणून सरावाला हिच्यासारखी दुसरी नाही, आणि ही लूनपेक्षा लहान आणि चपळ, हिचा फोटो जमला की लूनचा जमणारच.

सरावात तीनच गोष्टी करायच्या.

पहिली, पहिले दोन दिवस कॅमेरा पिशवीतून काढायचाच नाही. एक टिबुकली निवडा, तीच एक, आणि ती बुडाली की मनात आकडे मोजा. दहा, बारा, कधी अठरा, कधी वीसच्या पुढे. वर आल्यावर किती वेळ थांबते तेही मोजा. अर्ध्या तासात तुम्हाला तिची लय सापडते, ती कुठल्या दिशेने सरकतेय हे पण कळायला लागतं, आणि मग ती वर यायच्या क्षणी तुमची नजर तिथेच असते. मला हे यायला चार सकाळी लागल्या.

दुसरी, खाली बसा. बांधावर उभं राहून फोटो काढला की पक्षी वरून दिसतो, पाण्यात तरंगणारा ठिपका, मागे नुसतं पाणी. त्याच जागी खाली उतरून, चटई टाकून, कोपरं टेकून काढा, मागचं पाणी एकदम धूसर होतं आणि पक्षी समोरासमोर येतो. गुडघे दुखतात त्यांनी छोटं स्टूल न्या, आणि ज्या कॅमेऱ्याची मागची स्क्रीन बाहेर वळते त्यात कॅमेरा खाली धरून वरून बघता येतं, मी बहुतेक वेळा तसंच करते.

तिसरी, फोकसचं बटण बोटाला सवयीचं करा. कॅमेरा सतत फोकस करणाऱ्या मोडवर ठेवा, पक्ष्याचा डोळा ओळखायची सोय असेल तर ती चालू करा, आणि पक्षी बुडाला तरी कॅमेरा खाली न आणता डोळ्याला तसाच लावून दुसऱ्या उघड्या डोळ्याने आजूबाजूचं पाणी बघत राहा. हे जमायला वेळ लागतो, पण एकदा जमलं की विसरत नाही.

थंडीत गेलात तर वारकरी, थापट्या, हळदी-कुंकू बदकं, पाणकावळे, सगळेच असतात, त्यांच्यावर पण हात साफ करा. परत येताना पोहे-जलेबी आहेच.

पायरी ३: सामान

यावर मला सगळ्यात जास्त प्रश्न येतात आणि यावर मी सगळ्यात कमी लिहिणार आहे. लेन्स बदलायचा कॅमेरा असेल तर ४०० मिमीच्या पुढची लेन्स हवी, १५०-६०० मिमीची झूम बहुतेक लोक वापरतात आणि ती पुरते. लेन्सवर खर्च करायचा नसेल तर निकॉन पी ९५० सारखे एकाच अंगाचे मोठ्या झूमचे कॅमेरे आहेत, त्याचं झूम ८३ पट आहे आणि वजन किलोभर, सकाळच्या चांगल्या उजेडात त्याने छान फोटो येतात, अंधुक उजेडात मात्र तो दमतो. नुसत्या मोबाईलने लूनचा पोर्ट्रेट फोटो होणार नाही, पण धुक्यातला तलाव आणि त्यात छोटासा लून असा फोटो मोबाईलने सुंदर येतो, तो जरूर काढा.

जास्तीच्या बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेतच ठेवायच्या, सामानात द्यायच्या नाहीत, हा नियम आहे. लेन्स पण हातातच ठेवा. तिकडे गेल्यावर पाणी न शिरणारी ड्राय बॅग घ्या, बोटीत बसणार असाल तर ती हवीच. आणि डासांचं औषध, पूर्ण बाह्या, मोजे, कारण जूनमध्ये तिथले डास आपल्या डासांना मागे टाकतील, शिवाय गवतातून फिरताना गोचीड चिकटतात, घरी आल्यावर अंग तपासायचं.

पायरी ४: कधी आणि कुठे

मिनेसोटात एप्रिल-मे मध्ये तलावांवरचा बर्फ वितळतो आणि लून लगेच हजर होतात. मे-जूनमध्ये अंडी, बहुतेक दोन, साधारण चार आठवडे उबवतात, आळीपाळीने नर आणि मादी दोघंही. जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत पिल्लं बाहेर येतात आणि पहिले एक-दोन आठवडेच ती आई-बापाच्या पाठीवर बसतात. तो पाठीवर बसलेल्या पिल्लाचा फोटो सगळ्यांनाच हवा असतो, तर त्यासाठी तुमच्याकडे एवढाच काळ आहे, तिकीट काढताना मुलाला हे सांगा. ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरात रात्री गार पडतात, पाणी अजून कोमट असतं, त्यामुळे पहाटे पाण्यावर धुकं उठतं, ते दिवस धुक्याच्या फोटोंचे. सप्टेंबर-ऑक्टोबरात मोठे पक्षी निघून जातात, पिल्लं त्यांच्यानंतर.

जागा म्हणाल तर मिनेसोटात १०,००० च्या वर तलाव आहेत आणि अलास्का सोडलं तर अमेरिकेत सगळ्यात जास्त लून तिथेच, राज्याच्या उत्तर भागात. मुलं दुसरीकडे असतील तर विस्कॉन्सिन, मिशिगन, मेन, न्यू हॅम्पशायर, न्यूयॉर्क राज्यातला ॲडिरोंडॅकचा डोंगराळ भाग, कॅनडात ऑन्टॅरिओचं अल्गाँक्विन पार्क, ही सगळी लूनची ठिकाणं. पण माझं ऐकाल तर प्रसिद्ध जागा शोधू नका, जिथे केबिन घेऊन दोन-तीन दिवस राहाल असा एक तलाव निवडा आणि त्याच तलावावर रोज जा. लूनची जोडी आपला तलाव किंवा तलावाचा कोपरा धरून असते, तिसऱ्या दिवशी ती कुठे मासे धरते, कुठे आराम करते, हे तुम्हाला पाठ होतं. शिवाय जिथे होड्यांची रोजची वर्दळ आहे तिथले लून माणसांना सरावलेले असतात, ते कधीकधी आपणहून जवळ येतात.

जूनमध्ये तिकडे साडेपाचच्या आत उजाडतं. म्हणजे साडेचारला उठायचं.

पायरी ५: पाण्याच्या जवळ, पण पक्ष्याच्या नाही

पहिल्या वर्षी मी केबिनच्या उंच डेकवर उभी राहून फोटो काढले आणि सगळे फुकट गेले, कारण वरून बघितलं की लूनची नुसती पाठ दिसते, डोळा दिसतच नाही. दुसऱ्या वर्षी पाण्यात आत गेलेल्या लाकडी धक्क्यावर पोटावर झोपले. चटई इथूनच नेली होती. लेन्स पाण्यापासून जेमतेम फूटभर वर, आणि पहिल्याच सकाळी सिरपूरला शिकलेलं सगळं कामाला आलं.

धक्का नसेल किंवा लून लांब असतील तर कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी अरुंद होडी. त्यात माणूस पाण्याला लागूनच बसतो म्हणून अँगल आपोआप खाली येतो. पोहता येत असो नसो, लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसायचं, बोटीत नुसतं ठेवून नाही, तिकडचं पाणी जूनमध्ये पण चांगलंच गार असतं. नवखे असाल तर पहिला दिवस कॅमेऱ्याशिवाय वल्हवा. एकटं जाऊ नका.

कयाकमधून कसं जायचं तर सरळ त्याच्या अंगावर कधीच नाही. लांबूनच थांबा, वल्हं आडवं ठेवा, आणि वाऱ्याबरोबर हळूहळू वाहू द्या. ५० मीटरच्या आत आपणहून जायचं नाही असं मी ठरवून टाकलंय, पिल्लं असतील तर त्याहून लांब. मग तो जवळ आला तर त्याची मर्जी, आपण हलायचं नाही. आणि लून बुडाला की त्याच्या मागे वल्हवत जाणं, जे मी बऱ्याच जणांना करताना बघितलंय, ते अजिबात करू नका, तो समजतो की पाठलाग होतोय आणि दुसऱ्या डुबकीत तलावाच्या पार पलीकडे निघतो, फोटो पण गेला आणि त्याची न्याहारी पण गेली.

पायरी ६: तो आता काय करणार हे ओळखा

खरी मजा इथे आहे. लूनच्या जवळजवळ प्रत्येक हालचालीआधी खूण असते, ती कळली की तुम्ही क्षणाच्या आधी तयार असता.

बुडण्याआधी तो डोकं पुढे वाकवून डोळ्यांपर्यंत पाण्यात घालतो आणि खाली बघतो, एकदा, दोनदा, तीनदा. मग अंगावरची पिसं आवळतो, त्यातली हवा निघून जाते आणि तो आणखी खाली बसल्यासारखा दिसतो. मग गडप. डोकं पाण्यात घातलेल्या क्षणाचा फोटो छान येतो, चोचीवरून थेंब गळत असतात.

डुबकी साधारण पाऊण मिनिटाची. माझा नातू शेजारी बसून मोठ्याने आकडे मोजायचा, "आजी, एकेचाळीस... बेचाळीस... तो बघ!" आणि तीन-चार दिवसांत त्याचा अंदाज माझ्यापेक्षा चांगला यायला लागला, कुठून वर येणार ते बोटाने दाखवायचा. तुमच्याकडे नातवंड असेल तर त्याला हे काम द्याच. वर आल्यावर मासा चोचीत आहे का बघा. छोटा मासा असेल तर तो पाण्याखालीच गिळून टाकतो, म्हणजे चोचीत मासा घेऊन वर आला तर बहुतेक तो पिल्लासाठी, किंवा मासा इतका मोठा की वर आणून गिळावा लागतोय. पिल्लासाठी असेल तर लगेच लेन्स पिल्लाकडे वळवू नका, मोठ्यावरच ठेवा, तो स्वतः पोहत पिल्लाकडे जातो आणि दोघं एकाच चौकटीत येतात. अशा वेळी ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, एफ ८ पर्यंत लहान करा, नाहीतर एक स्पष्ट आणि एक पुसट.

आता पंख पसरून उभा राहिलेला लून, ज्याच्यासाठी लोक जीव टाकतात. तो अचानक होत नाही. आधी तो बराच वेळ पिसं साफ करतो, मान वळवून पाठ, कुशीवर होऊन पोट, दहा-पंधरा मिनिटं पण चालतं. हे सुरू झालं की जागा सोडू नका, पाणी प्यायला पण हात हलवू नका, कारण सगळं झालं की शेवटी तो छाती पाण्याबाहेर काढून उठतो आणि दोन-तीन-चार वेळा पंख फडफडवतो. शटरचा वेग आधीच १/२००० सेकंदावर ठेवा. आणि झूम थोडं मागे घ्या, पंख उघडले की ते बाजूंना खूप लांब जातात, माझ्या पहिल्या सगळ्या फोटोंत टोकं कापली गेलीत.

उडताना आणि उतरताना तो वाऱ्याच्या समोर तोंड करतो, विमानासारखंच. म्हणून वारा तुमच्या पाठीवर येईल अशी जागा धरा, धावत निघाला तर तुमच्याकडेच येईल. उलट्या बाजूला बसलात तर फक्त शेपटी मिळेल. यात सूर्य पण पाठीशी हवा, दोन्ही जुळणं रोज होत नाही, जुळलं त्या दिवशी दुसरं काही काम काढू नका.

पायरी ७: काळा-पांढरा पक्षी कॅमेऱ्याला फसवतो

हे नवीन लोकांना सगळ्यात जास्त छळतं. काळं डोकं बघून कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो, आणि पाठीवरचे ते सुंदर पांढरे चौकोन नुसते चुन्याचे फटकारे होतात, त्यात परत काही आणता येत नाही. म्हणून एक्सपोजर, म्हणजे फोटोतला उजेड, उणे करा, उन्हात उणे १ च्या आसपास, ढगाळ असेल तर उणे ०.३ किंवा शून्य. कॅमेऱ्यात जास्त उजळ भाग लुकलुकून दाखवायची सोय असते ती चालू ठेवा, छातीचं पांढरं लुकलुकलं की अजून कमी करा. काळं थोडं गडद आलं तरी नंतर उचलता येतं, रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमध्ये, काढत असाल तर आणखीच.

पण त्यातही डोळा. सूर्य वर आला की डोळा काळ्या डोक्यात बुडून जातो, तो लाल दिसायला हवा तर सूर्य खाली असताना उजेड तिरपा यायला हवा, म्हणजे उगवल्यापासून पहिला दीड तास आणि मावळायच्या आधीचा एक. त्यातसुद्धा त्याने मान किंचित तुमच्याकडे वळवली की मगच बटण दाबा. मी तर आता डोळा लाल दिसला नाही तर फोटोच काढत नाही.

बाकी सेटिंग सोपं आहे, शांत पोहत असेल तर शटर १/१०००, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते ठरवणारा आकडा) ऑटो ठेवून वरची मर्यादा ३२०० किंवा तुमच्या कॅमेऱ्याला झेपेल ती, आणि मागे काय आहे ते बघा: झाडांच्या काळ्या सावलीत हा पक्षी हरवतो, त्याच झाडांचं हिरवं किंवा सकाळचं सोनेरी प्रतिबिंब पडलंय तिथे तो येईपर्यंत थांबा.

पायरी ८: कॅमेरा खाली ठेवायची वेळ

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण माझ्या हातून चूक झालीय.

पहिल्या वर्षी आम्ही बोटीतून जात होतो आणि काठाच्या गवतात एक लून दिसला, मान लांब करून अगदी पाण्यालगत सपाट टाकलेली, हलत नव्हता. मला वाटलं झोपलाय किंवा बरं नाहीये त्याला, आणि इतक्या जवळ कधी मिळणार म्हणून मी मुलाला म्हटलं अजून थोडं पुढे घे. दहा-बारा फोटो काढले असतील. शेजारच्या केबिनमधल्या आजींनी काठावरून हात हलवून आम्हाला मागे बोलावलं. त्या रागावल्या नाहीत, शांतपणे सांगितलं की तो अंड्यांवर बसलाय आणि मान टाकलीय ती तुमच्या भीतीने, अजून पुढे गेलात तर तो पाण्यात घसरेल आणि अंडी उघडी पडतील, मग कावळा किंवा रकून बघतच असतो. मी ते फोटो ठेवलेत, पण कोणाला दाखवत नाही.

तर खुणा अशा. घरट्यावर मान सपाट टाकली, की मागे फिरा, लगेच, हळू. पाण्यातला लून छाती उंच करून उभा राहून पाण्यावर पाय आपटत नाचल्यासारखं करायला लागला, त्याला तिथले लोक पेंग्विन डान्स म्हणतात, तर तो तुमच्यासाठी नाच नाही, तो जीव तोडून हाकलतोय, फोटो कितीही भारी दिसत असला तरी निघा. आणि हसल्यासारखा थरथरता आवाज, तोही घाबरल्याचा. काही तलावांत घरट्याभोवती पाण्यात बोया (तरंगत्या खुणा) आणि पाट्या लावलेल्या असतात, त्यांच्या आत जायचं नाही. ड्रोन तर नकोच.

आपल्या टिबुकलीचंही तेच. तिचं घरटं पाणवनस्पतींचं, पाण्यावर तरंगतं, आणि कोणी आलं की ती जाता जाता अंड्यांवर ओलं गवत ओढून निघते. पावसाळ्यात सिरपूरला ती असं झाकताना दिसली तर समजा की आपण जास्त जवळ आलोय.

पायरी ९: आवाज ओळखा, पण वाजवू नका

लूनचे आवाज मुख्यतः चार. लांब हेल काढलेली हाक, रात्री तलावापलीकडून येते आणि अंगावर काटा येतो, ती जोडीदाराला "कुठे आहेस" म्हणणारी. थरथरता हसल्यासारखा, वर सांगितला तो. योडेल, तो फक्त नर काढतो, ही माझी हद्द आहे असं सांगायला, आणि प्रत्येक नराचा वेगळा, इतकंच काय, नराने तलाव बदलला तर तो आपला योडेलही बदलतो. आणि चौथी हलकीशी हूं, जवळजवळ असताना घरातल्या घरात बोलल्यासारखी.

यांचा फोटोला उपयोग होतो. पहाटे अंधारात कोणत्या बाजूने हाक येतेय ते ऐका आणि त्याच बाजूच्या धक्क्यावर जाऊन बसा. थरथरता आवाज आला आणि तुम्ही लांब आहात, तर वर बघा, बहुतेक गरुड फिरत असतो, तेव्हा आई-बाप पिल्लांना अगदी जवळ घेतात. पण मोबाईलवर रेकॉर्ड केलेला योडेल लावून त्याला बोलावू नका. त्याला वाटतं परका नर घुसला, तो अंडी-पिल्लं सोडून भांडायला येतो, आणि हद्दीच्या खऱ्या भांडणांत या नरांचे जीव जातात, इतकं ते गंभीर असतं.

पायरी १०: घरी आल्यावर

त्याच दिवशी निवड करा, नाहीतर दोन हजार फोटो इंदूरला घेऊन याल आणि पेनड्राइव्हमध्ये पडून राहतील. आधी डोळा स्पष्ट नाही ते सगळे काढून टाका. मग पांढरं उडालेलं आहे ते. उरलेल्यांत क्षितिज सरळ करा, पाणी तिरकं दिसलं की बाकी सगळं चांगलं असून फोटो खटकतो. डोळ्याचा लाल रंग वाढवू नका, तो मुळातच पुरेसा लाल आहे.

एक मात्र करा. आराम करताना लून कधीकधी एक पाय पाण्याबाहेर काढून झटकतो. ते फोटो दिसायला विशेष नसतात, म्हणून पहिल्या फेरीतच उडवले जातात, पण उडवायच्या आधी मोठे करून पाय बघा. काही लूनच्या पायात अभ्यासकांनी रंगीत कड्या घातलेल्या असतात. मिनेसोटात तलावागणिक लून मोजणारे हौशी स्वयंसेवक असतात, केबिनच्या मालकाला विचारलं तर आपल्या तलावाचं कोण बघतं ते सांगतो. कडी दिसली तर कुठल्या पायात, वरून खाली कोणते रंग, तारीख आणि तलावाचं नाव एवढं लिहून तो फोटो त्यांना द्या. माझ्या अशा एका फोटोत डाव्या पायात पिवळ्यावर निळी कडी होती, मी तो धूसर म्हणून काढून टाकणार होते, नातवाने थांबवलं.